पुशअप बोर्ड घेताय? रंग राहू द्या, फरे बघा

सरळ सांगतो, पाचपैकी तीन स्टार. हँडल चांगले आहेत, मनगटाला आराम खरा आहे, खाली जायला खोली पण खरंच जास्त मिळते. पण ज्या गोष्टीवर हा बोर्ड विकला जातो ना, ते चार रंग, म्हणजे हँडल निळ्या भोकात बसवलं की छातीसाठी, लाल खांद्यासाठी, पिवळं पाठीसाठी आणि हिरवं ट्रायसेपसाठी (दंडाच्या मागचा स्नायू), त्याच्यावर भाळून पैसे देऊ नका. पुशअपमध्ये कुठला स्नायू किती काम करणार हे हात कुठे टेकलाय त्यावर ठरतंच, नाही असं नाही, पण खांद्यामागचे दोन फरे त्यावेळी काय करतायत यावरही तितकंच ठरतं आणि काही स्नायूंच्या बाबतीत तर त्यापेक्षा कितीतरी जास्त ठरतं. आणि बोर्डवर, खोक्यावर, सोबत आलेल्या रंगीत चार्टवर, कुठ्ठेही त्या फऱ्यांबद्दल एक शब्द नाही. म्हणून हा रिव्ह्यू एवढा लांब लिहितोय.

ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण हाच माल पाच-पन्नास नावांनी विकला जातो, स्टिकर वेगळा, आतलं प्लॅस्टिक तेच. हजाराच्या आत-बाहेर किंमत असते आणि सेल लागला की बरीच खाली येते.

आधी वस्तूबद्दल बोलू. काळ्या प्लॅस्टिकचे दोन भाग, मध्ये बिजागरी, घडी घातली की कपाटामागे उभा राहतो, जागेचा काही प्रश्न नाही. वर रंगीत भोकांच्या जोड्या आणि दोन सुटे हँडल, प्रत्येक हँडलच्या खाली दोन खुंट्या, त्या हव्या त्या रंगात दाबून बसवायच्या. नवीन असताना खुंट्या घट्ट बसतात, काढताना जोर लावावा लागतो, पण वापर वाढला की भोकाची कड गुळगुळीत होते आणि हँडल किंचित डुगडुगायला लागतं. निळ्या आणि लाल भोकांची अदलाबदल जास्त होते म्हणून तिथे हे आधी जाणवतं. हँडलवर फोमची गादी आहे, कोरड्या हाताला एकदम मस्त वाटते, घाम आला की गादी दांड्यावर फिरते म्हणजे दांडा जागेवर आणि मूठ मात्र सरकतीये, हे काही बरोबर नाही. मी फोम कापून काढला आणि सायकलच्या हँडलला गुंडाळतात ती कापडी टेप गुंडाळली, तेव्हापासून पकड छान बसते. खालचे रबराचे पाय शहाबादी फरशीवर घट्ट राहतात, चकचकीत टाइल्सवर सरकतात, त्यामुळे घरात टाइल्स असतील तर खाली योगा मॅट घालाच.

आणखी एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. बोर्डची रुंदी ठरलेली असते, म्हणजे सगळ्यात बाहेरची भोकंसुद्धा एका ठरावीक अंतरावरच असणार. माझ्यासारख्या मध्यम खांद्यांच्या माणसाला ती पुरतात, पण आमच्या बिल्डिंगमधला जो पोरगा पोलीस भरतीची तयारी करतोय, उंच आणि रुंद खांद्यांचा, त्याला "वाइड" लिहिलेली जागा प्रत्यक्षात खांद्याएवढीच पडते. म्हणजे त्याच्यासाठी अर्धा चार्ट तिथेच बाद.

तर आता रंगांकडे येऊ. निळं म्हणजे छाती, हात बाहेर. हिरवं म्हणजे ट्रायसेप, हात आत. हे ऐकायला इतकं पटतं की कुणी शंकाच घेत नाही. पण 2005 साली जर्नल ऑफ स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग रिसर्चमध्ये कॉगली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता, त्यात रुंद, खांद्याएवढी आणि अगदी जवळ अशा तीन हातांच्या जागा घेऊन ईएमजीने मोजलं, म्हणजे कातडीवर चकत्या चिकटवून स्नायूतून येणारा विजेचा सिग्नल बघितला. हात जवळ घेतल्यावर रुंद हातांपेक्षा ट्रायसेप जास्त चालले हे तर अपेक्षितच होतं, पण छातीचा मोठा स्नायू पण जवळच्या हातांनीच जास्त चालला. म्हणजे "छातीसाठी निळं" हे वाक्य जितक्या ठामपणे छापलंय तितकं ठाम ते नाहीये. आणि पिवळं म्हणजे पाठ, हे तर मला अजिबात पटत नाही. पुशअप ही ढकलण्याची क्रिया आहे, पाठीचा जो मोठा ओढणारा स्नायू त्याला इथे काम फार थोडं, त्याच्यासाठी बारला लटका किंवा रोइंग करा, भोकाचा रंग बदलून ते होणार नाही.

बाजारात गोल फिरणारे हँडल पण मिळतात, ते घेऊ का असं मला दोन-तीन जणांनी विचारलं होतं. त्याच्यावर 2010 साली यूडास वगैरेंनी अभ्यास केलाय, साध्या पुशअपच्या तुलनेत फिरत्या हँडलने स्नायू काही जास्त चालतात असं त्यांना दिसलं नाही. मनगटाला फिरवणं बरं वाटत असेल तर खुशाल घ्या, जास्त मसल बनेल म्हणून नको.

मग फरक पडतो कशाने? इथे फरे येतात.

फरा म्हणजे खांद्यामागचं ते तिकोनी चपटं हाड. गंमत अशी की हे हाड धडाच्या सांगाड्याला हाडाने जोडलेलं फक्त एका ठिकाणी आहे, कॉलरबोनच्या टोकाला, बाकी सगळं स्नायूंच्या भरवशावर. 17 स्नायू या एका हाडाला येऊन जोडलेत. त्यामुळे तो बरगड्यांवरून असा सरकतो जशी ओल्या थाळीवर साबणाची वडी, मणक्याकडे येतो, मणक्यापासून लांब जातो, वर कानाकडे चढतो, खाली उतरतो, हात डोक्यावर नेला की गोल फिरतो. आणि हाताच्या हाडाचं सॉकेट या फऱ्यावरच आहे. म्हणजे हात जिथून ढकलतोय तो पायाच सरकता आहे, आणि त्या पायाला कोण धरून ठेवतंय यावर पुढचा सगळा हिशोब.

पुशअपमध्ये धरून ठेवणारा मुख्य गडी म्हणजे सेराटस अँटिरियर. वरच्या आठ-नऊ बरगड्यांवरून निघतो, बरगड्या आणि फऱ्याच्या मधून मागे जातो आणि फऱ्याच्या मणक्याकडच्या कडेला चिकटतो. बारीक अंगाच्या पैलवानाच्या काखेखाली बरगड्यांवर बोटं ठेवल्यासारख्या ज्या रेघा दिसतात ना, तो हाच. बॉक्सिंगवाले याला फार जपतात कारण ठोसा मारताना शेवटचा जो हात लांबतो तो याच्यामुळे. याचं काम दोन, फऱ्याला बरगड्यांवर दाबून बसवणं आणि त्याला मणक्यापासून लांब पुढे ओढणं. छातीचा मोठा स्नायू फऱ्याला जोडलेलाच नाही, तो दंडाच्या हाडाला जोडलाय, त्यामुळे तो हात जवळ आणतो पण फरा पुढे न्यायचं काम सरळ त्याचं नाही. ट्रायसेपने कोपर सरळ केलं, छातीने दंड आत आणला, की बहुतेक लोकांचा पुशअप तिथे संपतो. सेराटसचा महत्त्वाचा भाग तर तिथून पुढे सुरू होतो.

कोपर सरळ झाल्यावर थांबायचं नाही, हात न वाकवता जमिनीला अजून ढकलायचं, दोन्ही फरे एकमेकांपासून लांब जातात आणि छाती आणखी दोन-तीन बोटं वर उचलली जाते. बस एवढंच. याला पुशअप प्लस म्हणतात. फिजिओवाले हे कितीतरी वर्षं करून घेतायत. 1992 साली अमेरिकन जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये मोझली आणि मंडळींनी खांद्याच्या रिहॅबचे बरेच व्यायाम ईएमजीने तपासून फऱ्यांच्या स्नायूंसाठी चार मुख्य व्यायाम निवडले होते, त्या चारात प्लसवाला पुशअप होता. 1999 च्या डेकर यांच्या अभ्यासातही सेराटससाठी तो वरच्या व्यायामांमध्ये आला. आणि मला सगळ्यात उपयोगाचा वाटतो तो 2004 चा लुडेविग यांचा, कारण त्यांनी नुसतं सेराटस किती चालला एवढं न बघता त्याच्या तुलनेत मानेकडचा वरचा ट्रॅप (मानेपासून पाठीपर्यंत पसरलेल्या ट्रॅपेझियस स्नायूचा वरचा भाग) किती चालला हे पण बघितलं. जमिनीवरच्या साध्या प्लस पुशअपमध्ये सेराटस भरपूर आणि वरचा ट्रॅप त्या मानाने कमी, असं प्रमाण सगळ्यात चांगलं होतं. आपल्याला हेच हवं असतं, कारण दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसाचा वरचा ट्रॅप आधीच दगड झालेला असतो, त्याला अजून कामाला लावायची काहीच गरज नाही.

आता जिमवाल्यांचा एक सल्ला, जो मी कित्येक वेळा ऐकलाय, "फरे मागे घट्ट आवळून ठेव, सोडूच नको". हा सल्ला बेंचप्रेसचा आहे आणि तिथे तो योग्य आहे. बेंचवर पाठ टेकलेली असते, वरून बार, फरे बेंच आणि बरगड्यांच्या मध्ये दाबलेले, ते मागे आवळून धरले की खांद्याला भक्कम बैठक मिळते आणि वजन जास्त उचलता येतं. पुशअपमध्ये पाठीला काहीच टेकलेलं नसतं, फरे मोकळे, आणि पुशअपचा खरा फायदा तोच आहे की फरे हलू शकतात. तिथेसुद्धा तुम्ही त्यांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत मागे आवळून ठेवलंत तर छाती आणि ट्रायसेप काम करतात, ते काही बंद पडत नाहीत, पण फरा पुढे न्यायचं सेराटसचं काम तुम्ही स्वतःहून काढून घेतलंत. बेंचप्रेसची एक हलकी नक्कल झाली, दुसरं काय.

उलटी चूक पण बघितलीये, म्हणजे आधीच फरे पुढे ढकलून, पाठीला कुबड काढून, त्याच स्थितीत वर-खाली करणं. त्यात खाली जाणंच कमी होतं, छाती नीट ताणली जात नाही आणि खांद्याचा पुढचा भाग आवळलेला राहतो.

मधलं बरोबर, म्हणजे फरे चालू द्यायचे. खाली जाताना ते आपोआप मणक्याकडे येतात, त्यांना मुद्दाम ओढायची गरज नसते, शरीराचं वजनच ते काम करतं, सेराटसने फक्त हळूहळू सोडायचं, ब्रेक लावत. वर येताना ते लांब जातात आणि सगळ्यात वर तो प्लस. हे एकदा अंगात बसलं ना की त्याच बोर्डवर, त्याच भोकात, पुशअप एकदम वेगळा लागतो, काखेच्या खाली बरगड्यांच्या बाजूला जळजळ जाणवते जी आधी कधी जाणवलेली नसते.

त्या भरतीवाल्या पोराचंच सांगतो. आम्ही साताऱ्याचे, पोरगं पहाटे अजिंक्यताऱ्यावर पळायला जातं आणि येऊन आमच्या गच्चीवर पुशअप मारतं. भरतीत 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक, पुशअपला मार्क नाहीत, पण गोळा 7.260 किलोचा आणि तो शेवटी हाताने ढकलायचाच असतो ना, म्हणून तो मनापासून करतो. मला म्हणाला, "काका, छातीसाठी निळ्यातच टाकायचं ना?" म्हटलं, "तू कुठल्याही रंगात टाक, आधी बनियन काढ आणि मला पाठ बघू दे." कोवळं ऊन तिरकं पाठीवर पडलं होतं त्यामुळे सगळं स्पष्ट दिसत होतं. खाली जाताना दोन्ही फऱ्यांची आतली कड बरगड्यांपासून सुटून उभी राहत होती, इतकी की कडेखाली सावली पडत होती, आणि वर आल्यावर दोन फऱ्यांच्या मध्ये खड्डा तसाच. ताकद भरपूर, सलग मारतोय, पण पायाच ढिला. मग मी त्याच्या दोन फऱ्यांच्या बरोबर मध्ये तळहात ठेवला, हलकाच, आणि म्हटलं, "कोपर सरळ ठेव आणि माझा हात पाठीने वर ढकल." पहिल्यांदा त्याने कंबर उचलली. दुसऱ्यांदा मान खाली घातली. मग बरगड्या तशाच ठेवून नुसतं जमिनीला ढकल म्हटल्यावर पाठ माझ्या तळहाताला येऊन भिडली, खड्डा भरला, आणि कडा बरगड्यांवर सपाट बसल्या. त्याचे हात थरथरायला लागले. एवढे पुशअप सलग मारणारा पोरगा, आणि नुसत्या दोन बोटांच्या हालचालीला थरथर. तेव्हापासून तो आधी फक्त तेवढंच करतो, कोपर न वाकवता फरे मागे-पुढे, आणि मग पुशअप.

तुमच्याकडे तळहात ठेवायला कुणी नसेल तर मोबाइल मागच्या बाजूला थोडा उंचावर ठेवून व्हिडिओ काढा, शर्ट काढून किंवा घट्ट बनियनवर. तीन गोष्टी बघा, फऱ्याची कड सुटून उभी राहते का, खांदे कानाकडे चढतात का, आणि वर आल्यावर खड्डा भरतो का. दोन्ही फरे थोडेसे सुटत असतील तर बहुतेकदा सरावाने सुधारतं. पण एकाच बाजूचा फरा ठळकपणे बाहेर येत असेल, भिंत ढकलतानाही येत असेल, हात डोक्यावर न्यायला जड जात असेल, तर व्यायाम वाढवत बसू नका, डॉक्टरला दाखवा. सेराटसला चालवणारी एक लांब नस आहे, मानेतून निघून बरगड्यांच्या बाजूने खाली उतरते, तिला इजा झाली की असंच होतं आणि ते पुशअपने बरं होणाऱ्यातलं नाही.

आता बोर्डचा यात काय रोल ते सांगतो, कारण शेवटी हा त्याचा रिव्ह्यू आहे.

पहिली चांगली गोष्ट म्हणजे हँडलमुळे छाती हातांच्या पातळीच्या खाली जाऊ शकते. जमिनीवर नाक-छाती टेकली की संपलं, इथे अजून जागा मिळते, त्यामुळे फऱ्यांना मागे यायला जास्त अंतर आणि छातीला जास्त ताण. पण हीच गोष्ट उलटी पण पडते. खाली मिळालेली जागा सगळी वापरायच्या नादात लोक इतकं खाली जातात की फरे मागे यायचे तेवढे येऊन संपलेले असतात आणि पुढचं सगळं अंतर खांद्याचं टोक पुढे कलंडून भरून काढलं जातं. खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचल्यासारखं वाटतं ते इथेच. तर नियम साधा ठेवा, फरे जवळ येईपर्यंत खाली, खांद्याचं टोक पुढे कलंडायला लागलं की तिथून परत. कोपरं अगदी काटकोनात बाहेर फेकू नका, अंगापासून साधारण 45 अंशांवर ठेवा. लाल भोकं लावली की कोपरं आपसूक बाहेर जातात, खांद्याला आधीच कुरकुर असेल तर ती जागा टाळा, माझा तरी हाच अनुभव.

दुसरी चांगली गोष्ट मनगट. जमिनीवर तळहात टेकला की मनगट काटकोनात वाकतं, हँडलवर ते सरळ राहतं. दिवसभर कीबोर्डवर असणाऱ्याला हा फरक पहिल्याच सेटला कळतो. आणि मनगट दुखत नाही म्हटल्यावर माणूस वर थांबायला तयार होतो, प्लसच्या जागी दोन सेकंद थांबता येतं, घाई होत नाही. मला विचाराल तर या बोर्डची सगळ्यात मोठी कमाई हीच आहे, आणि तिचा रंगांशी काही संबंध नाही.

वाईट गोष्ट म्हणजे डुगडुग. प्लस करताना सगळं वजन सरळ हातातून खाली जातं, त्यावेळी दांडा हलला की माणूस नकळत खांदे वर चढवून स्वतःला सावरतो, आणि मग वरचा ट्रॅप आलाच, जो आपल्याला नको होता. अस्थिर हँडलवर जास्त स्नायू चालतात असं म्हणणारे भेटतील, पण ज्याचा फरा अजून बरगडीवर नीट बसत नाही त्याला आधी पक्की जमीन द्या.

जोर मारणाऱ्यांसाठी वेगळं लिहितो कारण आपल्याकडे तो वर्ग मोठा आहे. साताऱ्या-कोल्हापुराकडच्या तालमीत पुशअपपेक्षा जोर आधी शिकवतात, आणि औंध संस्थानच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, जे सूर्यनमस्कार शाळाशाळांत पोचवले त्यातही हीच हालचाल थोड्या वेगळ्या रूपात येते. जोर मारताना सुरुवातीला कंबर वर आणि हात डोक्याच्या रेषेत असतात, म्हणजे फरे नुसते पुढे जात नाहीत, वर फिरतात पण, आणि ते फिरवायला सेराटस आणि ट्रॅपचे वरचे-खालचे भाग मिळून काम करतात. मग तिथून छाती खाली घासत पुढे. खांद्यासाठी हे पुशअपपेक्षा समृद्ध आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पण या बोर्डवर जोर मारू नका. जोर मारताना वजन मागून पुढे जातं, खुंट्यांवर तिरका ताण येतो, हँडल एका बाजूने उचललं जातं, मी करून बघितलं आणि लगेच बंद केलं. जोरासाठी सरळ जमीन किंवा बुड रुंद असलेले लाकडी ठोकळे.

घरातल्या बायकांना किंवा नवीन सुरुवात करणाऱ्यांना बोर्ड चालेल का? चालेल, पण लगेच नको. बहिणीला मी ओट्याला हात टेकवून सुरू करायला लावलं, कारण वजनाचा हिशोब बघा. 2011 च्या सुप्राक यांच्या मोजमापात साध्या पुशअपमध्ये हातांवर वर असताना शरीराच्या वजनाच्या सुमारे 69 टक्के आणि खाली असताना 75 टक्के भार आला, गुडघे टेकले तर 54 आणि 62. म्हणजे 70 किलोच्या माणसाला नेहमीच्या पुशअपमध्ये खाली 52 किलोच्या आसपास पेलायचे, गुडघ्यांवर 43 च्या आसपास. फऱ्यांवर ताबा नसताना एवढा भार दिला की माणूस खांदे कानाला लावूनच तो पेलणार. ओट्यावर भार बराच कमी, तिथे प्लस शिकायचा, मग गुडघ्यांवर, मग बोर्डवर. भिंतीवर केलं तर अजून हलकं, हालचाल समजायला छान, पण तिथेच अडकून राहू नका, भार कमी म्हणजे सेराटसला कामही कमी.

चार्टबद्दल शेवटचं. त्यावर एक पिळदार माणूस, अंगावर रंगीत भाग, आणि खाली आठवड्याचं वेळापत्रक, सोमवारी निळं, मंगळवारी लाल असं. ते गुंडाळून ठेवा. मी जे करतो ते असं, खांद्याएवढ्या अंतराची कुठलीही एक जोडी पक्की बसवून टाकायची आणि काढायचीच नाही, त्यामुळे भोकंही झिजत नाहीत. आधी कोपर सरळ ठेवून नुसते फरे मागे-पुढे, मग पुशअप, प्रत्येकात वर प्लस आणि क्षणभर थांबा, आणि वर खड्डा भरेनासा झाला की सेट तिथे संपला, छातीत अजून दम असला तरी. शेवटी कधीतरी जमिनीवर हात जवळ घेऊन एखादा सेट, ट्रायसेपसाठी.

तर कुणी घ्यावा? मनगट दुखतं, जागा कमी आहे, घडी घालून ठेवायचंय, आणि सेलमध्ये स्वस्त मिळतोय, तर घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. 80 किलोच्या वर वजन असेल किंवा खांदे रुंद असतील तर बोर्डच्या भानगडीत न पडता दोन सुटे लोखंडी नाहीतर लाकडी हँडल घ्या, अंतर तुमच्या मनाप्रमाणे ठेवता येतं आणि खुंटीच नाही तर डुगडुगणार काय. जोर मारणाऱ्यांनी घेऊच नका. आणि ऑनलाइन मागवलात तर खोकं आल्या आल्या चारही रंगांत खुंट्या बसवून, वरून वजन टाकून, दांडा पुढे-मागे हलवून बघा, माझ्या पहिल्या बोर्डची हिरवी जोडी नवीकोरी असताना ढिली निघाली होती, बदलून मिळाली पण ती परत पाठवायची मुदत संपायच्या आत बघितलं म्हणून.